काही खाल्लं का?

मेश्रामताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या दिवशी त्यांनी रक्त घेतलंच नाही.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबूजींची, साखर तपासायची होती. डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं होतं. गुडघ्यांमुळे बाबूजींना लॅबपर्यंत नेणं कठीण, म्हणून लॅबवाल्यांनी घरीच कोणाला तरी पाठवतो म्हटलं. सकाळचे सहा वाजले असतील. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत नुकता झाडू फिरला होता. बेल वाजली नाही, दारावर किल्लीनं दोनदा टकटक झालं. उघडून बघते तर ठेंगण्या, भरल्या अंगाच्या एक बाई. डोक्यावर हेल्मेट, हातात निळा डबा.

"बेल नाही वाजवत मी. या टायमाले घरात कोणी ना कोणी झोपलेलं असते," असं म्हणत त्या आत आल्या, हेल्मेट दाराशी ठेवलं आणि बाबूजींसमोर बसल्या.

"बाबूजी, काही खाल्लं का?"

"नाही," बाबूजी म्हणाले. रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य काढलेला माणूस; नाही म्हणतानाही हिरवा झेंडा दाखवल्यासारखं म्हणायचा.

ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "चहा?"

"चहा म्हणजे काय खाणं असतं का?"

"अन् चहासंगं?"

बाबूजींनी छताकडे पाहिलं. "एक टोस."

ताईंनी डबा बंद केला. "उद्या येतो मी." आमच्या विदर्भाकडच्या बायका बोलतात तसं, येतो, जातो.

मी गयावया केली. पुन्हा उद्या लवकर उठवा, पुन्हा त्यांना समजवा. एका टोसनं असा काय फरक पडणार? त्या हेल्मेट घालता घालता थांबल्या. "मले काहीच फरक नाही पडत, वहिनी. पण डॉक्टर कागद पाहून गोळी वाढवन. साखर वाढली टोसनं अन् गोळी खातीन बाबूजी. मंग चक्कर येऊन पडले तर टोस थोडाच येईन उचलाले."

दुसऱ्या दिवशी त्या पावणेसहालाच आल्या. बाबूजी कोरड्या तोंडानं, रुसलेल्या मुलासारखे बसले होते. ताईंनी आधी आपले दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, कारण त्यांचे हात कायम गार असत, आणि मगच बाबूजींचं मनगट धरलं. "काल कायची भाजी होती?" त्यांनी विचारलं. बाबूजी सांगायला लागले की वांग्याची होती, पण सुनेला वांगं भाजता येत नाही. तेवढ्यात काम झालं होतं. पुढं मी हे कितीदा तरी पाहिलं. सुई टोचायच्या क्षणी त्या प्रत्येकाला भाजी विचारायच्या. माणूस भाजीचं नाव आठवायला लागला की हात ढिला सोडतो, असं त्यांचं म्हणणं. "दुखणार नाही" असं मात्र त्या लहान मुलालाही सांगत नसत. "मुंगी चावन. मोठी मुंगी."

कुंदा मेश्राम हे त्यांचं नाव. माहेर गोंदियाकडचं, वडील रेल्वेत होते म्हणून लहानपणीच रायपूरला आलेल्या. नवरा भिलाईला कारखान्यात, शिफ्टची नोकरी, शनिवारी घरी येणार. ताई आणि त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत राहत. पंचवीस वर्षं त्या लोकांचं रक्त काढत होत्या. कोण खाऊन बसलंय हे तुम्हाला कळतं तरी कसं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "उपाशी माणूस सुईकडे पाहते. खाऊन बसलेला माझ्याकडे पाहते, मी पाहून राहिली का ते पाहाले."

सकाळच्या घरोघरच्या फेऱ्या संपल्या की आठच्या सुमाराला त्या बूढ़ा तालाबाच्या काठी एका बाकावर बसून डबा उघडत. घरून निघताना काही खायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "लोकांले उपाशी बसवतो, मंग मी कशी पोट भरून जाऊ?" फिरायला येणारे लोक त्यांना सुईवाली दीदी म्हणून ओळखत. पूर्वी ते रिपोर्ट दाखवायला थांबायचे. मग मोबाइलवर ते सोळा तासांच्या उपासाचे व्हिडिओ सुरू झाले, आणि बघता बघता त्या बाकावर सकाळची शाळाच भरायला लागली. रविवारी मीही जायचे. निम्मी फिरायला, निम्मी ऐकायला.

सोनी भैया म्हणून एक कापड दुकानदार होते, पोट सदऱ्याच्या पुढं चालणारं. त्यांचा पहिला प्रश्न, "दीदी, सोलह घंटे में पानी चलता है क्या?"

"पानी नहीं पियोगे तो मेरे को नस कहाँ मिलेगी, भैया? पानी जितना मन करे उतना."

"और चाय?"

"काली चलेगी. दूध-शक्कर डाली तो वो चाय नहीं, नाश्ता है."

एका बाईंचं तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखत होतं. ताईंनी विचारलं, दिवसातून चहा किती होते? सहा. आता? एकही नाही. "मंग डोकं चहासाठी रडून राहिलं, जेवणासाठी नाही. हळूहळू कमी करा. पाणी प्या, जरा मिठाचं ताक घ्या. अन् तरी दुखत असन तर उपास सोडा, डोकं सोडू नका."

कोणी एकदम सोळा तासांपासून सुरुवात करतो म्हटलं की त्या हात हलवायच्या. "रात्री आठले जेव, सकाळी आठले खा. झाले बारा तास. अर्धा उपास झोपेतच होते. पंधरा दिवस हेच कर, मंग पुढचं बोलू." वजन किती दिवसांत उतरेल, यावर उत्तर ठरलेलं. "पहिल्या आठवड्यात उतरते ते पाणी. त्याचे पेढे वाटू नको." उपास सोडताना काय खावं, तर वरण, अंडं, दही, भाजी, हळूहळू. सोळा तास थांबून समोशावर तुटून पडणाऱ्यांचा त्यांना राग होता, आणि एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे खाऊन वजन का उतरत नाही असं विचारणाऱ्या माझ्यासारख्यांचं हसू. "देवाले चालते, वहिनी. काट्याले नाही चालत."

गोळ्यांचा प्रश्न आला की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. साखरेच्या गोळ्या चालू असतील, इन्सुलिन असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक जेवणही चुकवायचं नाही. "मी सुई टोचतो. गोळी कमी करणं माझं काम नाही, तुमचंही नाही." आणि मग सगळ्यात शेवटी, डब्याचं झाकण लावता लावता, त्या सांगायच्या की गरोदर बाईनं करू नये, पाजणाऱ्या बाईनं करू नये, वाढत्या वयाच्या पोरापोरींनी करू नये. तोवर बहुतेक लोक पुढच्या फेरीला लागलेले असत.

मी स्वतः हा उपास केला तो त्यांच्या सांगण्याआधीच, आगाऊपणानं. भाचीचं लग्न दोन महिन्यांवर होतं आणि ब्लाउज चढत नव्हता. मी मुलींच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता, पोटात काही नसताना, दोन दिवस उशिरा पुस्तक आणणाऱ्या एका मुलीला मी असं काही बोलले की ती रडायलाच लागली. रविवारी ताईंना ते सांगितलं. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. "उपास तुमचा अन् शिक्षा पोरींले? हे कोणत्या पोथीत आहे?" मग त्यांनी माझं रात्रीचं जेवण दहावरून साडेसातवर आणलं, बाकी काहीच बदलू दिलं नाही. लग्नाला ब्लाउज चढला. हुक जरा ताणला होता, पण चढला.

व्रतवैकल्यांशी ताईंचा तसा संबंध नव्हता. त्या बौद्ध. पण त्यांची आई पौर्णिमेला उपोसथ पाळायची, दुपारी बारानंतर जेवायची नाही. त्या सांगायच्या, "आम्हाले संध्याकाळी वाढून द्यायची, स्वतः बाजूले बसून आमचं जेवण पाहायची. कोणाले सांगायची नाही की आज माझा उपास आहे." दुसऱ्यांच्या व्रतांची त्यांनी कधी थट्टा केली नाही. एका वर्षी आमच्या शेजारच्या सुनेला सातवा महिना होता आणि तीजाचा निर्जळी उपास तोंडावर आला होता. छत्तीसगढ़ात तीजा म्हणजे मोठी गोष्ट. पोरी माहेरी येतात, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, आणि मग दिवसरात्र पाण्याचा थेंब नाही. सासू ऐकत नव्हती, सून बोलत नव्हती. ताई सुनेचं रक्त घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सासूला बाजूला बसवलं आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "अम्मा, माता को बोल देना, सुईवाली ने मना किया है. पाप मेरे सिर. मैं तो तीजा करती नहीं, मेरे पास जगह खाली है." सासू हसली. सुनेनं त्या दिवशी देवीसमोर बसून दूध प्यायलं. मुलगा आता शाळेत जातो.

प्रज्ञा आमच्याच कॉलेजात आली तेव्हा ताई तिला घेऊन ग्रंथालयात आल्या होत्या. "ही माझी पोट्टी. पुस्तकं फाडणार नाही, याची गॅरंटी माझी." प्रज्ञा हसून मान खाली घालून उभी होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीतच. गोल चेहरा, आईसारखीच ठेंगणी. दुसऱ्या वर्षाला गेली तशी ती दुपारी वाचनकक्षात येऊन बसायला लागली. मला वाटलं, अभ्यासाला लागली.

आता मागं वळून पाहते तर सगळं समोरच होतं. एप्रिलच्या उन्हातही तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचं जॅकेट असायचं. वरच्या फळीवरचं पुस्तक काढून झालं की ती स्टुलावर बसून राहायची. आणि तिचा डबा, ताईंनी पहाटे उठून भरलेला तीन खणांचा स्टीलचा डबा, होस्टेलच्या दोन मुली रोज मिटक्या मारत खायच्या. मला वाटायचं, कसली मोठ्या मनाची पोर आहे.

एक दिवस कपाटांच्या मधल्या बोळात काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर प्रज्ञा भिंतीला टेकून खाली बसलेली, बाजूला चार पुस्तकं. ओठ पांढरे पडले होते. मी तिला पाणी दिलं.

"काही खाल्लं का तू?"

"हाँ आंटी, खा लिया," ती म्हणाली. माझ्याकडे सरळ पाहून, अगदी शांतपणे. तिच्या मागं, काचेच्या पलीकडं, त्या दोन मुली तिचा डबा पुसून खात होत्या.

मी तिला माझ्या टेबलाशी नेलं, माझ्या डब्यातला भात पुढं केला. तिनं दोन घास तोंडात घेतले आणि तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू सांगायला लागली. सकाळचा नाश्ता टाळायचा; आई लवकर बाहेर पडते, तिला कळत नाही. दुपारी डबा वाटायचा. रात्री म्हणायचं, मैत्रिणींबरोबर खाऊन आले. किती महिने, ते तिलाही नीट सांगता येईना.

"मम्मी को मत बताइए, आंटी. मैं बस वही कर रही हूँ जो वो सबको बताती हैं."

मी आठ दिवस सांगितलं नाही. याची लाज मला अजून वाटते. कोणाच्या घरात आपण कशाला पडायचं, पोरगी सुधारेल, परीक्षा संपू दे, असं रोज एक कारण मी शोधत होते. रोज दुपारी तिला माझ्या टेबलाशी बसवायचे आणि ती तीन-चार घास खायची, माझ्यासाठी. नवव्या दिवशी बाबूजींची तीन महिन्यांची तपासणी होती. ताई आल्या, हात घासले, भाजी विचारली, रक्त घेतलं. बाबूजी आत गेले. ताई नळीवर नाव लिहीत होत्या. तेव्हा मी सांगितलं.

त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. बाबूजींचं नाव, वय, वेळ, सगळं पूर्ण लिहिलं, नळी डब्यात उभी ठेवली, आणि मग त्या आमच्या मोरीजवळच्या पाटावर बसल्या.

"डबा तर रोज रिकामा येते, वहिनी."

मी दार लोटून त्यांच्यासमोर खाली बसले.

"मी धुतो तो डबा. रोज पाहतो मी." त्या स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. "पंचवीस वर्षं लोकं खाऊन म्हणतात, नाही खाल्लं. ते मले सापडते. न खाता, खाल्लं म्हणणारं कोणी मले भेटलंच नाही."

त्या दिवशी पुढच्या घरांना फोन करून त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी पाठवायला सांगितलं आणि सरळ घरी गेल्या. नंतर काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. रागावायचं नाही असं स्कूटीवर ठरवलं होतं, आणि बोलायचं काय ते मात्र ठरत नव्हतं. प्रज्ञा उठून केस विंचरत होती. ताईंनी जॅकेट काढ म्हटलं. तिनं काढलं. "मले दुसरं येते काय?" त्या मला म्हणाल्या. "निळा डबा उघडला अन् म्हटलं, हात दे." प्रज्ञानं हात पुढं केला. एकदा सुई घातली, शीर सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. लहान बाळांच्या, नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या शिरा न चुकता शोधणारे ते हात पोटच्या पोरीच्या दंडावर थांबले. ताईंनी सुई टाकून दिली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला लगेच ठेवून घेतलं. शरीरातले क्षार इतके घटले होते की हृदयाचे ठोके बिघडले होते. सहा दिवस ती तिथं होती. भिलाईहून तिचे वडील आले. गप्प माणूस, पोरीच्या पायथ्याशी बसून पाय चेपत राहायचा. ताई बाहेर बाकावर. मी कॉलेज सुटलं की जाऊन त्यांच्याजवळ बसायचे. तिथली नर्स ओळखीची होती, ती पोरीचं रक्त न्यायला आली की ताई उठून जिन्याकडे जात. चौथ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले की ठोके आता नीट पडताहेत, वेळेवर आणलंत. ताईंनी मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला, आणि तेव्हा मला कळलं की त्यांचे हात खरोखर किती गार असतात.

"तुम्ही सांगितलं नसतं तर?" त्या म्हणाल्या.

"आठ दिवस नव्हतं सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "आठच दिवस उशीर केला तुम्ही. मी तर घरातच होतो."

बरं व्हायला वेळ लागला. मनाचा इलाज करणाऱ्या एक डॉक्टरीण बाई होत्या, त्यांच्याकडे दर आठवड्याला जावं लागे. त्यांनी ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. घरात वजनाचं नाव काढायचं नाही, आणि पोर जेवत असताना तिच्या ताटाकडे पाहत बसायचं नाही. पहिली गोष्ट ताईंनी त्याच संध्याकाळी केली; घरातला वजनकाटा लॅबमध्ये नेऊन ठेवला. दुसरी त्यांना जमेना. आयुष्यभर लोकांनी काय खाल्लं तेच पाहत आलेली बाई. पोरगी घास घ्यायची आणि यांचा श्वास थांबायचा. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते तेव्हा प्रज्ञानं ताट ढकललं. "मम्मी, आप मुझे ऐसे देखती हो जैसे मैं कोई रिपोर्ट हूँ." ताई उठून गॅलरीत गेल्या. तिथं त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या, परत आल्या तेव्हा प्रज्ञानं भात संपवला होता.

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, ताईंनी मनातलं काढलं. "मी रोज तलावावर मोठ्यानं सांगत होतो. फोनवर सांगत होतो. ही बाजूच्या खोलीतून ऐकून राहिली होती."

"आपकी वजह से नहीं हुआ, मम्मी," प्रज्ञा म्हणाली. "कॉलेज में किसी ने कुछ बोला था, वो लग गया था. आपकी बात तो मैंने आधी ही सुनी."

"आधी म्हणजे?"

"किसको नहीं करना है, वो वाली नहीं सुनी."

ताईंनी पोरीकडे पाहिलं. "ते मी शेवटी सांगत होतो, बेटा. डबा बंद करताना. तवा कोणीच नाही ऐकत."

तो सगळा पावसाळा त्या तलावावर आल्या नाहीत. फेऱ्या संपवून त्या घरी जात आणि प्रज्ञाबरोबर नाश्ता करत. लोक मला विचारायचे, दीदी कुठं आहेत? मी म्हणायचे, घरी काम आहे. दिवाळीनंतर एका रविवारी पाहिलं तर त्या बाकावर बसलेल्या. सोनी भैया धावतच आले. उन्हाळ्यात सात किलो उतरवले होते आणि दिवाळीत नऊ चढले होते; आता चोवीस तासांचा उपास कसा राहील?

"पहले ये बताओ, घर में कौन-कौन है?"

"वजन तो मेरा कम करना है, दीदी."

"हव, पर बताओ तो."

बायको, आई, दोन मुली. मोठी कितवीत? अकरावीत. "तो पहली बात, उसके सामने पेट पकड़ के मत बोलना कि मैं मोटा हो गया. दूसरी बात, घर में कोई लड़की खाना छोड़े तो ये मत बोलना कि अच्छा है." मग गरोदर बाई, पाजणारी बाई, गोळ्या घेणारे, आधीच बारीक असलेले, जेवणाचीच धास्ती घेतलेले, हे सगळं त्यांनी आधी सांगितलं. पाण्याचं आणि चहाचं सगळ्यात शेवटी. अर्धे लोक कंटाळून निघून गेले. ताई गेलेल्यांकडे पाहत नव्हत्या. सोनी भैया मात्र बसून राहिले, आणि जाताना हळूच म्हणाले, "दीदी, छोटी वाली आजकल रोटी कम खाती है. कल ले आऊँ आपके पास?"

"मेरे पास नहीं," ताई म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः लिहून दिला.

प्रज्ञाचं एक वर्ष मागं पडलं, पण पदवी झाली. मधे दोनदा घसरण झाली, एकदा बरीच, पण आता ती स्वतः येऊन सांगत होती, "मम्मी, आज नहीं हो रहा." ताई म्हणायच्या की आपल्याला एवढंच ऐकायला आलं तरी पुरे. मग त्यांच्या नवऱ्याला भिलाईला क्वार्टर मिळालं आणि ताईंनी लॅब सोडली. बाबूजींचं रक्त घ्यायला आता एक तरुण मुलगा येतो. बेल वाजवतो, भाजी विचारत नाही. बाबूजी त्याला खुशाल खोटं सांगतात आणि मला त्याच्यासमोर खरं सांगावं लागतं.

ताई मला शेवटच्या दिसल्या त्या गेल्या महिन्यात, तेलीबांध्याच्या तलावावर, रविवारी संध्याकाळी. प्रज्ञाला तिकडच्याच एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि ताई तिची खोली लावून द्यायला भिलाईहून आल्या होत्या. गर्दीत आधी मला प्रज्ञा दिसली, अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात, गुपचुपच्या ठेल्याशी. आमच्याकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. ती ठेलेवाल्याशी वाद घालत होती की पाणी तिखट नाही. ताई तिच्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

मला पाहून त्यांनी दोन्ही हात धरले. बाबूजींचे गुडघे, माझं निवृत्तीचं वर्ष, भिलाईच्या क्वार्टरमागची पेरूची झाडं, सगळं एका दमात झालं. बोलताना माझी नजर सारखी त्यांच्या खांद्यावरून पलीकडं जात होती. प्रज्ञानं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, ठेलेवाल्याला आणखी मिरची टाकायला लावली आणि ठसका लागून हसली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार.

"मले सांगू नका, वहिनी," ताई म्हणाल्या, मागं न वळता. "तिले खाऊ द्या." आणि पेरूंचं पुढं सुरू केलं की यंदा पोपटांनी एकही ठेवला नाही.

थोड्या वेळानं प्रज्ञा दोन्ही हातांत पानाचे दोन द्रोण घेऊन आली. "आंटी, ये आपका. मम्मी, मुँह खोलो, नहीं तो पानी गिर जाएगा." ताईंचं वाक्य अर्ध्यावर होतं. तिनं अख्खं गुपचुप त्यांच्या तोंडात घातलं. ताईंचे गाल फुगले, डोळ्यांत तिखटानं पाणी आलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला हातानंच थांबा असं खुणावलं आणि चावत राहिल्या.